तायडेचा पूर

यंदा पावसाळ्यात माझ्या मोबाईलवर सरकारी संदेश आला. नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे. मी वाशीमला तिसऱ्या मजल्यावर राहते, नदी कुठे आणि मी कुठे! पण वाचला. सून म्हणाली, "आई, आता सगळं एका जागी गोळा होतं. पाऊस, धरण, नदी, सगळं. मग तो संदेश आपल्याला येतो." मी तिला विचारलं, "गोळा करणारा पाहून सांगून राह्यला का ऐकून?" ती माझ्या तोंडाकडे पाहतच राहिली. तिचा काय दोष? तिनं तायडे साहेब पाहिले नाहीत.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. वाशीम जिल्हा तेव्हा नव्हता, आम्ही अकोल्याचे. मी मंगरूळपीरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. एक खोली, एक बोर्ड, कानाला हेडफोन आणि हातात दोऱ्या. कोणाला कोण हवं ते विचारायचं, दोरी लावायची, घंटी मारायची. आमचं घर माळ्याचं, गावाला लागून भाजीपाल्याचा मळा. घरातली नोकरी करणारी मी पहिलीच बाई, त्यामुळे कामावर जाताना पदर जरा जास्तच नीट करून जायची. तायडे साहेबांना मी आधी कानांनी ओळखलं, डोळ्यांनी पुष्कळ नंतर पाहिलं.

आवाज तरी कसला! नायब तहसीलदार म्हणून नवीन आले त्या आठवड्यातच मी हेडफोन कानापासून जरा लांब धरायला शिकले. तहसील कचेरी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. मला खात्री आहे, वारा बरोबर असता तर फोनची गरज पडली नसती.

"ताई, तायडे बोलून राह्यलो. पारवा जोडा."

पारव्याच्या पोस्टात फोन होता. तिथून कोणीतरी सांगायचं, साहेब, इकडे लय पाऊस झाला. की साहेब सुरू.

"लय म्हंजे किती? तू पाहून सांगून राह्यला का ऐकून?"

"लोक म्हनून राह्यले साहेब."

"मंग लोकाईले फोन दे. तू कायले बोलतं?"

मी इकडे तोंडाला पदर लावून हसायची. ऑपरेटरनं ऐकायचं नसतं असा नियम होता. पण त्यांचं बोलणं न ऐकणं हे काही माणसाच्या हातातलं नव्हतं.

पावसाळ्यात प्रत्येक तहसिलीत पुराच्या कामासाठी एक खोली असायची. आमच्याकडे त्या खोलीत मोडक्या खुर्च्या, दोरखंड आणि काचा फुटलेले कंदील. रोज सकाळी गावोगावच्या पावसाचे आकडे यायचे, ते कागदावर चढायचे, कागद अकोल्याला जायचा. जिथं पाऊस नाही तिथं 'निरंक' लिहायचं. सरकारी शब्द. साहेबांना त्या शब्दाचा असा राग, की कोणी तो उच्चारला की त्यांचा पाय आपटलेला मला फोनवर ऐकू यायचा. म्हणायचे, "निरंक म्हंजे पाऊस नाई का मोजनारा नाई, हे कोन सांगनार?"

त्यांनी त्या खोलीतलं मोठं टेबल रिकामं करून घेतलं. त्यावर चादर पसरली, चादरीवर निळ्या शाईनं नदी काढली, तिला मिळणारे नाले काढले, काठची गावं काढली. जिथं पाऊस पडला त्या गावावर चिंचोके ठेवायचे, जितका पाऊस तितके जास्त. वरच्या अंगाला सरकारी तलाव होता, त्याच्या जागी सोड्याच्या बाटलीचं बूच. तलाव रिकामा तर बूच उलटं, भरला तर सुलटं. रस्ता बंद झाला की तिथं लाल मिरची. सगळी कचेरी त्याला साहेबांचा सारीपाट म्हणायची आणि येताजाता दारातून डोकावून हसायची.

कचेरीचा शिपाई गफूरभाई, दर्ग्याच्या मागं राहायचा. त्याच्याकडे चिंचोके सांभाळायचं काम. एके दिवशी साहेब दौऱ्यावरून आले तर अर्ध्या तालुक्यातला पाऊस गायब. गफूरभाई मान खाली घालून म्हणाला, "साब, कोनी भूंज के रखे थे. मैं समझा खाने के हैं. पारवे का पूरा पानी मैं खा गया."

साहेब पोट धरधरून हसले म्हणे. मग गंभीर होऊन म्हणाले, "गफूरभाई, तुमच्या पोटात पूर आला तर सांगजा, जीप पाठवतो." दुसऱ्या दिवसापासून चिंचोके तांबड्या शाईत बुडवून वाळवलेले. आता खा!

पण नुसत्या चिंचोक्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. सकाळची पहिली एसटी स्टँडवर लागली की साहेब ड्रायव्हरच्या खिडकीखाली उभे. पुलाखाली पाणी कसं आहे, गढूळ का निवळ, वाहून काय येतंय? दूधवाल्याला धरायचे. लग्नाच्या पंगतीत शेजारी परगावचा पाहुणा बसला, तर बुंदी ताटात पडायच्या आत त्याच्या गावच्या नाल्याची चौकशी. मला फोनवर म्हणायचे, "ताई, तुमच्या मळ्यातल्या विहिरीचं पानी आज कुठी हाये? दोराले किती वेढे लागतेत?" मी भावाला विचारून सांगायची. एकदा घाईत अंदाजानं सांगितलं, तर लगेच, "ताई!" इतकंच म्हणाले. त्यानंतर मी कामावर यायच्या आधी स्वतः विहिरीत डोकावून यायला लागले.

शिवाय ती छत्री. उंच, काळासावळा माणूस, टेरिलिनचा सदरा, पँटची एक बाजू नेहमी दुमडलेली आणि हातात लांब दांड्याची छत्री. पाऊस असला तरी ती क्वचितच उघडायची. ती शेतात खुपसायला होती. रस्त्यानं जाता जाता कोणाच्याही वावरात उतरायचे, छत्रीचं टोक काळ्या मातीत घालायचे, बाहेर काढून बघायचे. भेगा बुजल्या, टोक सहज आत गेलं, वर पाणी साचलं, की म्हणायचे, "जमिनीनं ढेकर देल्ला. आता पडनारं सारं पानी पाहुन्यासारखं नाई राहनार, सरळ नदीत जाईन." शेतकरी बांधावरून ओरडायचे, "काय वो साहेब, वावर भोकसून राह्यले का?" साहेब छत्री उंचावून नमस्कार करायचे.

हे सगळं एका जागी कशाला आणायचं, असं मी त्यांना एकदा विचारलं. तेव्हा पहिल्यांदा त्यांचा आवाज खाली आलेला ऐकला. म्हणाले, "ताई, आमची वस्ती नदीच्या अंगाले. छप्पनमंदी दीक्षा घेतली तवा मी शाळेत होतो. देव बदलले, घर तिथंच राह्यलं. पूर आधी आमच्याच घरात ये, अन् खबर साऱ्याईच्या शेवटी. गावातल्या एकाले पाऊस मालूम असे, एकाले तलाव मालूम असे, एकाले नदी. पन एकमेकाले कोनी सांगे नाई. आमची बकरी वाहून गेली तवा कळे." एवढं बोलून त्यांनी खडकी जोडायला सांगितलं, आणि पुन्हा तोच गडगडाट.

याच खडकीत त्यांची फजिती झाली होती. आल्याच्या पहिल्याच पावसाळ्यात. वरच्या गावांत मुसळधार पाऊस झाला, साहेबांनी चिंचोके मोजले, जीप घेऊन खडकी गाठली आणि नदीकाठची सारी घरं शाळेत हलवली. म्हाताऱ्या, लेकरं, कोंबड्या, शेळ्या. पूर काही आला नाही. वरचा तलाव उन्हाळ्यात कोरडा पडलेला, त्यानं सारं पाणी गटकन गिळलं. लोक तिसऱ्या दिवशी शिव्या देत घरी गेले. कोणाच्या घरातलं धान्य उंदरांनी खाल्लं, कोणाची कोंबडी दुसऱ्यानं खाल्ली. त्या दिवसापासून आमच्या भागात नवीन बोली निघाली. जावई येतो म्हणून आलाच नाही, की बाया म्हणायच्या, "तायडेचा पूर झाला बाई!" तलाठ्यानं मदत मिळेल म्हणून सांगितलं, की लोक म्हणायचे, "हो हो, तायडेचा पूर."

दुसऱ्या कोणाला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. साहेबांनी काय केलं, तर सारीपाटावर तलावाचं बूच वाढवलं. बूच त्याच फजितीतून आलं. आणि ती म्हण स्वतःच वापरायला लागले. ट्रंक कॉल लागला नाही की मला म्हणायचे, "काय ताई, तायडेचा पूर का?" अशा माणसाला कोण चिडवणार?

पण खडकीचे आबाजी पाटील विसरले नव्हते. "त्या सायबानं मायं गाव शाळेत कोंडलं," असं ते बाजारात उभं राहून सांगायचे. सायब या शब्दाच्या आधी आणखीही काही असायचं. ते मी लिहीत नाही.

पुढच्या वर्षीचा पोळा. आठ दिवसांची झड नुकतीच उघडलेली, मंगरूळपीरला लख्ख ऊन. पोळ्याच्या सकाळी बैल नदीवर नेऊन धुतात, हे काही मी आपल्या लोकांना सांगायला नको. गावातले सगळे गडी, सगळ्या जोड्या त्या सकाळी पाण्यात. शिंगं घासायची, शेपट्या धुवायच्या, मग घरी आणून रंग, बेगड, झूल. संध्याकाळी आखरावर, गुरं जमतात त्या गावाकडेच्या मोकळ्या जागेत, तोरणाखाली जोड्या उभ्या करायच्या आणि पहिला मान पाटलाच्या जोडीचा. कचेरीला सुट्टी, तहसीलदार साहेब त्यांच्या गावी, तलाठी आपापल्या बैलांपाशी. मी ड्युटीवर, कारण टेलिफोनला पोळा नसतो.

साहेब एकटेच कचेरीत आले. गफूरभाईला घरून बोलावून घेतला. सकाळचे आकडे आले. वरच्या गावांचा पाऊस निरंक.

पण पहिल्या एसटीच्या ड्रायव्हरनं त्यांना वेगळंच सांगितलं होतं. वरच्या नाल्यात हिरवी पानं वाहत होती, हिरव्या फांद्या होत्या, पाणी मातकट तांबडं. वाळकी पानं नाही, हिरवी. कुठंतरी आताच झाडं मोडली होती. छत्रीचं टोक कालच सांगून गेलं होतं की जमिनीचा ढेकर झाला. बूच सुलटं, तलाव काठोकाठ. आणि चिंचोके मात्र एकही नाही.

माझी घंटी वाजली. साहेबांचा आवाज खाली होता, मी हेडफोन कानाशी घट्ट धरला.

"ताई, वरचं गाव जोडा. मोजनारा तलाठी घरी गेला असन, जो भेटन त्याले पकडा."

भेटला कोतवाल, तलाठ्याच्या हाताखालचा गावनोकर. साहेबांनी विचारलं, "निरंक तूच सांगतलं का? पाहून का ऐकून?"

तो म्हणाला, "साहेब, पोळा हाये नं. बैलाच्या घाईत होतो. काल निरंक होतं, मंग आजबी तेच सांगतलं."

मला वाटलं आता फोनची तार वितळते. पण साहेब शांतपणे म्हणाले, "जाय. शाळेच्या आवारात पाऊस मोजाचा डबा हाये, पाहून ये. मी फोनवर हावो." मी लाइन तोडली नाही. बोलण्याची मुदत संपली, तरी नाही. जरा वेळानं धापा टाकत कोतवाल परत आला.

"साहेब, डबा भरून बाहेर सांडला. किती पडला ते मोजताच येत नाई. पहाटे इकडे लय आपटला पाऊस."

पुढच्या क्षणी फोन ठेवल्याचा आवाज आला आणि थोड्याच वेळात साहेब माझ्या खोलीत. दारावर 'प्रवेश बंद' लिहिलेलं, ते चपलांसकट आत. मागं गफूरभाई. साहेबांना इतक्या जवळून मी पहिल्यांदाच पाहत होते. कपाळावर घाम, आणि ते उजव्या हाताची बोटं डाव्या तळव्यावर फिरवत होते. सारी नदी त्यांच्या तळव्यावर होती जणू.

"तलाव थांबवत नाई, जमीन पेत नाई. दुपार व्हायच्या आत पानी पारव्याले, मंग खडकीले. अन् सारे गडी नदीत."

त्या दिवशी जीप एकच, पोलिसांची. पारवा सडकेवर, खडकीचा रस्ता झडीनं नुसता काळा चिखल झालेला, जीप रुतणार. त्यांनी क्षणभरही घोळ घातला नाही. पोलिसांना फोन, जीप पारव्याला. भोई लोकांना डोंगा घेऊन पारव्याच्या खाली उभं राहायला सांगायला गफूरभाई सायकलवर पळाला. खडकीला राहिला फक्त फोन. तो तिथल्या शाळेतल्या डवरे मास्तरांकडे, कारण पोस्टही तेच सांभाळायचे.

"मास्तर, नदीवर जा. साऱ्याईले बाहेर काढा. पूर येऊन राह्यला."

मास्तर गेले. खिडकीबाहेर स्वच्छ ऊन पडलेलं. मास्तर आले तेच रडवेले होऊन.

"साहेब, कोनी आयकत नाई. हसून राह्यले. आबाजी पाटील कंबरभर पान्यात उभे हायेत, म्हनाले, आभाळात ढग दाखवा. म्हनाले, तायडेचा पूर आला, पोरं-कोंबड्या शाळेत न्या. अन् म्हनाले..."

"काय म्हनाले?"

"म्हनाले, त्याले आपला पोळा पाहवत नाई."

साहेबांनी डोळे मिटले. मला सगळं कळलं. पूर आला नाही, तर बौद्ध अधिकाऱ्यानं सणाच्या दिवशी गावाचा पोळा बंद पाडला, एवढंच राहणार होतं. नोकरी राहते का जाते, ही तर पुढची गोष्ट. आणि पूर आला आणि हे गप्प राहिले, तर? ते मात्र डोळे उघडून एकदम भलतंच बोलले.

"मास्तर, पाटलाच्या जोडीआधी तोरनाखाली दुसऱ्याची जोडी गेली तर काय होते?"

"खून पडतेत साहेब."

"तोरन बांधलं का?"

"बांधलं, सकाळीच."

मास्तर हुशार. त्यांच्या लगेच ध्यानात आलं. म्हणाले, "बुद्धवाड्यात एक जोडी घरीच उभी हाये साहेब. तीच नेतो तोरनाखाली. सारं गाव पळत येईन."

"नाई!" साहेब इतक्या जोरात ओरडले की माझ्या हातातली दोरी पडली. "पूर आला तरी मार त्याईलेच बसन, नाई आला तरी त्याईलेच. कोनाची जोडी नेऊ नका. वाजंत्री बोलवा. आखरावर डफडं वाजवा, पोळा सुटताना वाजवतेत तसं. जोडी कोनाची ते त्याईले येऊन पाहू द्या. अन् वाजवनारे भ्यायले तर सांगा, तायडेनं वाजवाले लावलं. मायं नाव घ्या."

जन्मभर लोकांना 'पाहून सांगा' म्हणणारा माणूस त्या दिवशी लोकांना नुसतं ऐकवून पळवत होता. मला तशा स्थितीतही हसू आलं.

मास्तरांनी रिसिव्हर टेबलावर तसाच ठेवला, शाळा आखराजवळच होती. हेडफोनचा एक कान मी साहेबांना दिला, एक माझ्याकडे. आधी काहीच नाही. मग लांबून डफडं. मग आणखी जोरात. आणि मग काय सांगू, घुंगरांचा जो गलका उठला! बैलांचे पाय, गड्यांच्या हाका, शिव्या. "कोनाची जोडी लागली बे?" "पाटलाच्या आधी कोन उभा राह्यला?" अख्खी खडकी नदी सोडून आखराकडे धावत होती. साहेबांनी टेबलावर दोन्ही हात टेकले.

थोड्या वेळानं कोणीतरी रिसिव्हर हिसकावला. आबाजी पाटील.

"कोन हाये तिकडे?"

"तायडे."

पुढचं मी लिहीत नाही. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाच म्हणाले, "पाटील, शिव्या मंग द्या. आधी सांगा, नदीत कोनी राह्यलं का?"

"कोनी नाई! सारे इथं मायी इज्जत पाहून राह्यले!"

"पाहून सांगून राह्यले का ऐकून?"

पाटील थबकले. मागं कोणीतरी काहीतरी बोललं. मग पाटलांचा आवाज एकदम वेगळा आला, "किसन कुठी हाये बे? मायी दुसरी जोडी घेऊन किसन कुठी हाये?"

किसन म्हणजे पाटलांचा सालदार, सालावर राबणारा गडी. साहेबांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. त्यांनी स्वतःच्या कपाळावर इतक्या जोरात हात मारला की मी दचकले.

"ज्याईले मान हाये तेच धावले ताई. किसनले मान कुठचा? तो कायले धावन?" आणि खाली बसकण मारून हळू म्हणाले, "अन् हे मी इसरलो. मी."

फोनवर आता नुसता आरडाओरडा. पाटील रिसिव्हर टाकून नदीकडे धावले होते, अंगाखांद्यानं भारी माणूस, वय झालेलं. मास्तरांनी रिसिव्हर उचलला आणि म्हणाले, "साहेब, पानी आलं. आवाज येऊन राह्यला." साहेब तसेच जमिनीवर बसलेले, हेडफोनची तार ताणलेली. मी मनातल्या मनात दर्ग्याला, देवीला, सगळ्यांना हात जोडले. मग एकदम मास्तर रडत रडत ओरडले, "निंघाला! निंघाला साहेब! बैलाची शेपूट धरून खालच्या अंगाले निंघाला. पाटलानं हात देऊन वर वढला!"

साहेब ढसाढसा रडले. मीही रडले. खोटं कशाला सांगू, ऑपरेटरच्या खोलीत तहसिलीचा मोठा अधिकारी बसून रडतो आहे आणि बोर्डावर घंट्या वाजून राहिल्या आहेत, मी एकही उचलली नाही.

पारव्यातही सगळे बाहेर निघाले होते. दोन्ही गावांत एकही माणूस गेला नाही. गाव तेच, नदी तीच, पण त्या संध्याकाळी खडकीच्या आखरापर्यंत पाणी होतं, असं मास्तरांनी सांगितलं. पोळा मग दुसऱ्या दिवशी भरला.

त्याच्या पुढच्या दिवशी माझी सुट्टी होती. मी भाजीचा भारा पोहोचवायला भावासोबत सरकारी क्वार्टरांकडे गेले होते. तेव्हा पाहिलं. खडकीच्या जोड्या एकामागं एक मंगरूळपीरात येत होत्या. पुरात रंगाचे डबे वाहून गेलेले, त्यामुळे कोणाची शिंगं अर्धीच रंगवलेली, झुली चिखलानं डागळलेल्या. सबंध बाजार दुकानांतून बाहेर येऊन पाहत होता. पोळ्याला जोड्या घरोघर पूजेला नेतात, पण दुसऱ्या गावच्या जोड्या एका नायब तहसीलदाराच्या दारी, असं कोणी पाहिलं नव्हतं.

सगळ्यात पुढं पाटलांची दुसरी जोडी, आणि तिची दोरी किसनच्या हातात. पाटील स्वतः मागं चौथ्या-पाचव्या जोडीपाशी, मान खाली घालून चालत होते. वाट मोकळी होती, तरी ते पुढं आले नाहीत.

साहेब बनियनवरच दारात आले. विमलवहिनी, त्यांच्या पत्नी, शाळेत शिक्षिका, त्या परात घेऊन मागं. पाटील म्हणाले, "साहेब, पूजा करा."

"पूजा मी नाई करत पाटील. जेवू घालतो." आणि त्यांनी परातीतली पुरणपोळी आपल्या हातानं पुढच्या बैलाला चारली. बैलाच्या कपाळावर हात ठेवून जरा वेळ उभे राहिले. कोणीतरी मोठ्यानं म्हणालं, "तायडेचा पूर आला बाप्पा!" सगळे हसले, पाटीलसुद्धा. साहेब हसले नाहीत. ते किसनकडे पाहत होते.

"किसन, डफडं ऐकू आलं होतं का तुले?"

"आलं नं साहेब."

"मंग काहून नाई पळाला?"

किसन लाजला. दोरी बोटाभोवती गुंडाळत म्हणाला, "आमच्यासाठी थोडीच वाजते साहेब ते."

साहेब ओट्यावरून खाली उतरले आणि किसनच्या हातातून एका बैलाची दोरी घेतली. जोड्या परत फिरल्या तेव्हा दोघं पुढं चालले, एका बाजूला किसन, एका बाजूला साहेब, अनवाणी, बनियनवर. साहेब त्याला हातवारे करून काहीतरी विचारत होते. नदीवर रोज कोण कोण असतं, कपडे धुणाऱ्या बाया कुठं बसतात, गुरं राखणारे कुठं, त्यांना काय वाजवलं तर ऐकू जाईल, ते आपल्यासाठी आहे असं कशानं वाटेल. भावानं मला हाक मारली, तरी मी रस्त्याच्या कडेला तशीच उभी होते. त्याच महिन्यात माझी बदली अकोल्याला झाली, त्यानंतर तायडे साहेब मला दिसले नाहीत. त्या दिवशी वळणापर्यंत किसनचं बोलणं काही ऐकू येत नव्हतं. साहेबांचं मात्र शेवटपर्यंत येत होतं, "अजून कोन राह्यलं? आठव बरं. अजून कोन?"